वादळाने घरकुलाचे छप्पर नेले तर: पंचनामा, मदत आणि दुरुस्ती

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले आणि रायगड-रत्नागिरीतली पत्र्याची, कौलांची छपरे एका दुपारीत उघडी पडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. दोन्ही वेळा राज्य सरकारने नेहमीच्या दरांपेक्षा वाढीव मदत दिली. तरी एकाच वाडीत, एकाच वाऱ्याने, एकाच मापाच्या दोन घरकुलांना वेगवेगळी रक्कम मिळू शकते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कागदावर सापडते. पंचनाम्यात जेवढे लिहिले तेवढेच नुकसान झाले, असे सरकार धरते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कोणी काय लिहिले यावर पुढचे सगळे ठरते.

घर कोणाचे, हे आधी बघा

सरकारी योजनेतले घर म्हटले की दुरुस्तीही सरकारच करणार, असा समज असतो. प्रत्यक्षात तीन प्रकार आहेत आणि तिघांचे दरवाजे वेगळे आहेत.

पहिला प्रकार घरकुलांचा. प्रधानमंत्री आवास, आधीची इंदिरा आवास, रमाई, शबरी, पारधी, मोदी आवास अशा कुठल्याही योजनेतून अनुदान घेऊन बांधलेले घर लाभार्थ्याचे असते. दुरुस्ती त्याने करायची, मदत महसूल खाते देते. पंचायत समितीच्या घरकुल कक्षात खेटे घालून इथे उपयोग नाही. तुमचा माणूस तलाठी आणि तुमचे कार्यालय तहसील. (२०२४ पासून तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून जुनीच नावे चालतात, अर्जावर मात्र नवे लिहा.)

दुसरा प्रकार भाड्याच्या किंवा नोकरीमुळे मिळालेल्या घरांचा: पोलीस वसाहत, जिल्हा परिषदेच्या शिक्षक-डॉक्टरांच्या खोल्या, म्हाडाची संक्रमण शिबिरे, महापालिकेच्या चाळी. भिंती आणि छप्पर खात्याचे, त्यामुळे घरासाठीची मदत राहणाऱ्याला मिळत नाही. मिळवायची असते दुरुस्ती. आतले कपडे, भांडी, धान्य तुमचे, आणि त्या नुकसानीचा पंचनामा तुम्ही वेगळा मागायचा.

तिसरा, म्हाडाच्या सोडतीतली किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातली सदनिका. इमारतीचे अभिहस्तांतरण (मालकी हक्काचे हस्तांतरण) सोसायटीच्या नावे झाले असेल तर गच्ची, टाकी, बाहेरच्या भिंती ही सोसायटीची जबाबदारी. म्हाडाला अर्ज केला तरी उत्तर हेच येईल.

पहिले दोन दिवस

वारा थांबला की माणसे आधी झाडू घेतात. थोडे थांबा. मेन स्विच बंद करा. वायरिंग भिजले असेल तर ते सुकून वायरमनने तपासेपर्यंत वीज चालू करू नका. तार तुटून अंगणात पडली असेल तर १९१२ वर महावितरणला कळवा आणि तिच्या जवळही फिरकू नका, मेलेली दिसणारी तार दुसऱ्या बाजूने जिवंत होऊ शकते. माणूस अडकला असेल तर ११२. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर आणि राज्याचा १०७० वर असतो. मुंबईत १९१६. फोनवर दिलेला तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवा, पुढे तारखेचा पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो.

मग फोटो. एक फोटो असा, ज्यात पूर्ण घर आणि शेजारची ओळखीची खूण दिसेल: देऊळ, विहीर, विजेचा खांब. घरकुलाच्या दारावर योजनेचे नाव आणि लाभार्थ्याचे नाव रंगवलेले असते, ती पाटी फोटोत आलीच पाहिजे. त्यानंतर चारही कोपऱ्यांतून बाहेरून, प्रत्येक खोली आतून वर छपराकडे पाहून, आणि प्रत्येक तडा जवळून, शेजारी पट्टी किंवा टेप धरून. मोबाइलमध्ये तारीख-वेळ आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा. एक मिनिटाचा सलग व्हिडिओ घराभोवती फिरून काढला तर फोटोंपेक्षा तोच जास्त कामी येतो, कारण त्यात फोटो दुसऱ्याच घराचे असल्याचा आक्षेप राहत नाही.

फोटो झाल्यावरच ताडपत्री. पंचनामा व्हायचा आहे म्हणून पावसात उघडे राहायचे, असा कुठला नियम नाही. तात्पुरते झाकणे हा तुमचा हक्क आहे आणि शहाणपणही. ताडपत्री आढ्यावरून (छपराच्या सगळ्यात वरच्या कण्यावरून) दोन्ही पाख्यांवर, म्हणजे दोन्ही उतारांवर टाका, एकाच पाख्यावर टाकली तर पाणी वरच्या कडेतून आत शिरते. कडा लाकडी पट्टीखाली दाबून पट्टी वाशाला ठोका. वर दगड ठेवले तर पुढच्या झोताला तेच दगड खाली येतील. फुटलेली कौले आणि वाकलेले पत्रे अंगणात एका बाजूला रचून ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. पंचनामा होईपर्यंत तेच तुमचे साक्षीदार. सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर तुकडे पाणी मारून ओले करूनच हलवा आणि कोरडे झाडू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

पंचनामा

अर्ज एका पानाचा पुरतो. प्रति तहसीलदार, प्रत तलाठी आणि ग्रामपंचायत. विषय: अमुक तारखेच्या वादळात घराच्या झालेल्या नुकसानीचा पंचनामा होणेबाबत. खाली नाव, गाव, घर क्रमांक, योजना आणि मंजुरीचे वर्ष, घरात राहणारी माणसे, नुकसानीची यादी, मोबाइल क्रमांक. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. 'भाऊसाहेबांना (म्हणजे तलाठ्याला) तोंडी सांगितलंय' या वाक्याला महिन्याभराने काही किंमत उरत नाही.

पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक येतात, घराच्या नुकसानीची टक्केवारी ठरवताना बांधकाम विभागाचा अभियंता लागतो. दोन पंच गावातले असतात. भाऊसाहेबांकडे एका दिवसात कित्येक घरे असतात, प्रत्येक घराला दहा-पंधरा मिनिटे मिळाली तरी खूप. त्या वेळात त्यांना दिसेल तेवढेच ते लिहितात. म्हणून तुमची यादी आधीच लिहून तयार हवी, मापांसकट.

यादी भागाप्रमाणे करा. छप्पर: एकूण किती पत्रे होते, किती उडाले, किती वाकले पण जागेवर आहेत. वासे आणि रीप: किती मोडले. भिंती: कोणत्या भिंतीला तडा, किती फूट लांब, तडा आरपार आहे का. आरपार तडा वेगळा सांगा, कारण गिलाव्याचा तडा आणि भिंतीचा तडा यांत फरक आहे आणि घाईत दोन्ही 'किरकोळ तडे' होतात. मग दारे-खिडक्या, शौचालय, पडवी, गोठा. गोठ्याला वेगळी मदत असते, तो घराच्या ओळीत मिसळू देऊ नका.

आता टक्केवारी. केंद्राच्या निकषांत अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान लागते. १४ टक्के म्हणजे शून्य रुपये. आणि हे टक्के नुसत्या डोळ्यांनी ठरले तर बहुतेक कमीच ठरतात, कारण भिंती उभ्या दिसल्या की घर उभे वाटते. हिशेब किमतीवर मांडायला सांगा. समजा घर नव्याने बांधायला १,६०,००० रुपये लागतात आणि त्यात छपराचा वाटा ४०,००० आहे. अर्धे छप्पर गेले तर नुकसान २०,००० चे, म्हणजे साडेबारा टक्के. मदत नाही. पण त्याच वाऱ्याने आढ्याखालची त्रिकोणी भिंत सैल होऊन बाहेर झुकली असेल आणि ती उतरवून बांधायला ६,००० लागत असतील, तर बेरीज २६,००० होते, सव्वासोळा टक्के. घर निकषात बसले. ती झुकलेली भिंत कोणी दाखवलीच नाही, तर ती पंचनाम्यात येत नाही. तेव्हा आकडा फुगवायची गरज नसते. खरे नुकसान पूर्ण मोजून दाखवावे लागते. फुगवण्याचे दुसरे टोकही लक्षात ठेवा: मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणे हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५२ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सही करण्याआधी पंचनामा वाचा, किंवा मोठ्याने वाचून घ्या. चार गोष्टी बघायच्या. घर कच्चे लिहिले की पक्के. टक्केवारीचा रकाना भरला आहे का, तो कोरा ठेवून सही मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. 'भाऊसाहेब, टक्के लिहा, मग सही करतो' एवढे पुरते. नुकसानीचे कारण वादळ किंवा चक्रीवादळ असे आहे का, कारण 'घर जुने व मोडकळीस' हे शब्द तिथे शिरले तर पूर्ण प्रकरण बाद होते. आणि शेवटी तारीख. मग पूर्ण पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दर

२०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले आपत्ती प्रतिसाद निधीचे दर असे. पूर्ण पडलेले घर, कच्चे असो वा पक्के: सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,०००. अंशतः, किमान १५ टक्के: पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडी: ८,०००. घराला लागून असलेला गोठा: ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडी-घरगुती सामानासाठी २,५००, पण ही दोन घर पूर्ण गेले, वाहून गेले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिले तरच. मृत्यू झाला तर वारसांना ४ लाख. जखमी एक आठवड्याहून जास्त रुग्णालयात राहिला तर १६,०००, त्याहून कमी असेल तर ५,४००.

६,५०० आणि १,२०,००० यांच्यात मधली पायरी नाही, हे बघा. अर्ध्याहून जास्त घर गेले तरी 'पूर्ण' असा शब्द पडला नाही तर साडेसहा हजारांवर बोळवण होते. सगळी भांडणे याच दरीत होतात. राज्य सरकारने जुलै २०२१ च्या पुरानंतर ही दरी भरली होती: १५ टक्क्यांना १५,०००, २५ टक्क्यांना २५,०००, ५० टक्क्यांना ५०,००० आणि पूर्ण घराला दीड लाख. निसर्गच्या वेळीही पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख दिले गेले. पण असे वाढीव दर त्या-त्या आपत्तीपुरते असतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शासन निर्णयाने जाहीर होतात. मागच्या वादळात शेजाऱ्याला किती मिळाले हे या वेळच्या दरांचे प्रमाण नव्हे. महसूल व वन विभागाचा ताजा शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत असतो, तो काढून सोबत ठेवा. आणि पायऱ्यांचा दर लागू असेल तर पंचनाम्यात '१५ टक्क्यांपेक्षा जास्त' असे मोघम न लिहिता नेमका आकडा मागा, नाहीतर ४० टक्क्यांचे घरही खालच्या पायरीवर बसते.

घराची मदत घरामागे असते, कपडे-भांड्यांची कुटुंबामागे. एका घरकुलात दोन भाऊ वेगळ्या चुलीवर, वेगळ्या शिधापत्रिकेवर राहत असतील तर घराची रक्कम एकदाच, पण सामानाची दोघांना मागता येते. शिधापत्रिका एकच असेल तर चुली कितीही असोत, कुटुंब एक धरले जाते.

कागद, खाते आणि अडकलेले पैसे

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, आधार, शिधापत्रिका, बँक पासबुकाचे पहिले पान, घरकुल मंजुरीचा आदेश. एवढ्यावर काम होते. नमुना ८ आणि ८-अ यांत गोंधळ करू नका, ८-अ शेतजमिनीचा असतो.

पंचनाम्यात मदत नाकारायला सगळ्यात सोपे कारण म्हणजे बांधकाम अधिकृत नाही. निकषांत तशी अट आहेच. घरकुलाच्या बाबतीत मंजुरीचा आदेश हेच त्याचे उत्तर: सरकारनेच मंजूर केलेले घर अनधिकृत कसे? पण घरकुलाला नंतर जोडलेली पडवी किंवा मागची खोली नमुना ८ वर चढवलेली नसेल तर तिचे नुकसान धरले जाईलच असे नाही.

घर आजीच्या किंवा वडिलांच्या नावावर आणि ते हयात नाहीत, हे प्रकरण प्रत्येक गावात असते. पंचनाम्यात मृत व्यक्तीचे नाव गेले तर पैसे येणारच नाहीत. वारसांची नोंद नमुना ८ वर आधी करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर बाकीच्या वारसांचे संमतीपत्र घेऊन एका वारसाच्या नावे पंचनामा करायला सांगा, मृत्यूचा दाखला जोडा.

पैसे थेट खात्यात जमा होतात. आता यादीत प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक येतो, तो तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीतून घ्यायचा आणि आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी करायची. मंजुरी असूनही पैसे न आलेल्यांची एक मोठी गफलत इथे असते: अर्जात एका बँकेचे खाते, पण रक्कम जाते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते खाते कधीतरी उघडून विसरलेले, बंद पडलेले असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, ई-केवायसीच्या आधी ती बघा. नावातला फरकही अडवतो. नमुना ८ वर 'सखुबाई' आणि आधारवर 'सखू' असेल तर तलाठ्याकडून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला आधीच घ्या.

बांधकाम चालू असलेले घरकुल

जोते झाले, भिंती छज्जापर्यंत आल्या आणि वादळाने एक भिंत पाडली. इथे पुरावा सरकारकडेच असतो: प्रत्येक टप्प्याला ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने काढलेला, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो. तो फोटो आणि पडलेल्या भिंतीचा आजचा फोटो एकत्र लावून गटविकास अधिकाऱ्याला आणि तहसीलदाराला एकाच दिवशी अर्ज द्या. पुढचा हप्ता अडू नये हा पंचायत समितीशी करायचा पत्रव्यवहार, पडझडीची मदत हा तहसीलशी. सिमेंटच्या भिजलेल्या गोण्या, वाहून गेलेली वाळू यांना घराच्या मदतीत रकाना नाही.

भाड्याचे सरकारी घर, संक्रमण शिबिर, चाळ

इथे पहिला प्रश्न असा की देखभाल कोणाकडे. दारावरच्या पाटीवर जाऊ नका. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले, तरी चाळी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या. पोलीस वसाहतींची देखभालही बहुतेक ठिकाणी बांधकाम खातेच बघते. भाडे कोणाच्या नावे भरता ती पावती बघा, उत्तर तिथे मिळते.

तक्रार शाखा अभियंत्याला लेखी, प्रत कार्यकारी अभियंत्याला. म्हाडाच्या शिबिरात मिळकत व्यवस्थापकालाही. 'गळती आहे' एवढे लिहिले तर ती नेहमीच्या दुरुस्तीच्या यादीत जाऊन बसते. 'अमुक तारखेच्या वादळात चौथ्या मजल्यावरच्या गच्चीच्या कठड्याचा सुमारे १० फूट भाग पडला, उरलेला हलतो, खाली मुलांची ये-जा आहे' असे लिहिले तर तो धोका ठरतो आणि धोक्याला वेगळी तातडी असते.

मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतात आणि मंडळ पावसाळ्यात नियंत्रण कक्ष चालवते. इमारत धोकादायक वाटली तर मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची नोटीस येऊ शकते. नोटिशीत इमारतीचा वर्ग बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ आली म्हणून हक्क संपत नाही, पण घर सोडण्याआधी सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून भाडेकरूंच्या यादीची आणि प्रत्येकाच्या चटईक्षेत्राच्या मोजणीची प्रत घ्या. ती नसताना गेलेले कुटुंब वर्षानुवर्षे आपण तिथे राहत होतो हेच सिद्ध करत बसते.

नव्या सदनिकेत एक वेगळी वाट आहे. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत वाऱ्याने खिडकी चौकटीसकट निघून आली किंवा बाहेरच्या भिंतीचा गिलावा थरच्या थर सुटला, तर वादळाकडे बोट दाखवण्याआधी कामाचा दर्जा बघा. स्थावर संपदा कायद्याच्या (रेरा) कलम १४ प्रमाणे असे दोष विकासकाने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचे असतात. सोसायटीचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत मोडतोड हलवू नका.

मदत आली, आता छप्पर

साडेसहा हजारांत छप्पर होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या पद्धतीने आधी उडाले त्याच पद्धतीने पुन्हा बसवले तर पुढचे वादळ तेच करील. पत्रा वाऱ्याच्या दाबाने मोडत नाही, तो वर ओढला जातो. वारा छपरावरून जाताना वर ओढ तयार करतो, आणि त्याच वेळी समोरचे दार किंवा खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही एकत्र आले की पत्रा वाशासकट जातो. ही ओढ सगळ्यात जास्त वळचणीला (छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या कडेला), आढ्याजवळ आणि कोपऱ्यांत असते: २० फूट रुंद घराला कडेचा सुमारे ३ फुटांचा पट्टा.

म्हणून खर्च तिथे करा. कडेच्या या पट्ट्यात पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर जे-हूक किंवा स्क्रू, मधल्या भागात एक सोडून एक. भोक उंचवट्यावर पाडायचे, खळग्यात पाडले तर पाणी आत येते. हूक ८ मिलिमीटरचे, खाली डांबरी किंवा रबरी वायसर आणि वर गोल लोखंडी वाटी. नुसता पातळ वायसर लावला तर पत्रा त्याच्याभोवतीच फाटतो आणि हूक जागेवर राहतो. पत्रा शक्यतो २४ गेज, म्हणजे ०.६३ मिलिमीटर. लांबीला एकावर एक ६ इंच, रुंदीला दीड ते दोन नागमोडी चढवा. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. पावसाच्या झडीसाठी तीन फूट काढायची सवय कोकणात आहे, पण वाऱ्याला धरायला तोच कोपरा मिळतो.

पत्रा वाशाला बांधला आणि वासा भिंतीवर नुसता टेकलेला, हे सर्रास दिसते. निसर्गमध्ये वाशांसकट गेलेली छपरे अशीच होती. वासा किंवा कैची लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या सिमेंटच्या पट्ट्याला बांधा. पट्टा नसेल तर भिंतीत अडीच-तीन फूट खाली गाडलेल्या १० मिलिमीटरच्या सळईला. गाडलेल्या टोकाला आकडा करून काँक्रीटमध्ये धरा.

पडवीचे छप्पर मुख्य छपराला सलग जोडू नका. थोडे खाली, वेगळ्या वाशांवर ठेवा, म्हणजे गेली तर पडवी जाईल, घर राहील. उतार २२ ते ३० अंशांचा, दोन पाख्यांचा ठेवा. सपाटसर एकाच पाख्याचे छप्पर स्वस्त पडते आणि आधी उडते. कौलारू घरात वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळी सिमेंटमध्ये बसवा आणि मधल्या दर तीन-चार ओळींनंतर एक ओळ तारेने रिपेला बांधा. पत्र्यावर टायर, चिरे, फरशीचे तुकडे ठेवायची पद्धत पूर्ण बंद करा.

खारी हवा हूक खाते. ज्या हुकाच्या भोवती तांबूस ओघळ दिसतो तो हूक आतून गेलेला असतो. मे महिन्यात छपरावर चढून असे हूक बदलणे हे पावसाळ्याआधीच्या कामांत धरा.

नाव यादीत नाही, किंवा रक्कम कमी

यादी ग्रामपंचायतीत लागते. नाव नसेल तर त्याच आठवड्यात तहसीलदाराकडे फेरपंचनाम्याचा अर्ज, सोबत पहिल्या अर्जाची शिक्क्याची प्रत आणि फोटो. दुरुस्ती करून टाकली असेल तर पत्र्यांची, मजुरीची बिले. उत्तर आले नाही तर प्रांताधिकारी, मग जिल्हाधिकारी. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. ऑनलाइन तक्रारीसाठी आपले सरकार पोर्टल.

या सगळ्यांबरोबर माहिती अधिकाराचा एक अर्जही टाका, दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. मागायचे तीनच कागद: माझ्या घराच्या पंचनाम्याची प्रत, अभियंत्याने टक्केवारी काढल्याचे टिपण, आणि माझ्या गावाच्या मदतीची मंजूर यादी. 'माझ्यावर अन्याय का झाला' असा प्रश्न त्यात लिहू नका, त्याला उत्तर देणे कायद्याने बंधनकारक नाही. तीस दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. टक्केवारीचे टिपण बाहेर आले की वाद मोजणीवर येतो, आणि तुमची मापांची यादी तयार असेल तर फेरपंचनाम्यात तीच समोर ठेवायची. अर्जाची पोच आणि टपालाची पावती त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, जिथे नमुना ८ आणि फोटो आहेत. ती पिशवी पुढच्या जूनमध्येही छपराखाली न ठेवता शेजारच्या पक्क्या घरात ठेवलेली बरी.